दिवसा पतंग शोधायचे तर आधी झाड ओळखा

करवंद (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बारा सेकंदांचा एक व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, "ठाण्यात हमिंगबर्ड दिसला!!" घाणेरीच्या झुडपासमोर तपकिरी रंगाचं काहीतरी हवेत एका जागी थांबलेलं, मग झर्रकन दुसऱ्या फुलापाशी, परत मागे. संध्याकाळपर्यंत तोच व्हिडिओ मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत असतात, आपल्याकडे त्यांची एकही जात नाही. व्हिडिओत होता तो मॅक्रोग्लॉसम, हॉक मॉथच्या कुळातला पतंग. मी तसं लिहिल्यावर पहिला प्रश्न आला, "पतंग दिवसा कसा उडेल?" तो प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर ग्रुपवरच्या दोन ओळींत मावेना, म्हणून हा धागा.

जगात फुलपाखरांच्या साधारण १८,००० जाती आहेत आणि पतंगांच्या आजवर नोंदलेल्या जाती १,६०,०००च्या आसपास. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात सगळेच रात्री जागणारे कसे असतील? बरेच पतंग भर उन्हात फुलांवर येतात. जे रात्रीचे आहेत तेही दिवसा कुठे नाहीसे होत नाहीत. खोडावर, पानाखाली, भिंतीवर, पाचोळ्यात बसलेले असतात. आपल्याला ते दिसत नाहीत, कारण न दिसण्यासाठीच त्यांची घडण झालेली आहे.

मी सहा वर्षं पतंगांच्या मागे आहे. पहिली दोन वर्षं रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून बसायचो. फोटो शेकड्यांनी मिळाले, पण त्या पतंगांबद्दल मला काहीच कळत नव्हतं. पडद्यावर आलेला पतंग म्हणजे परगावच्या स्टँडवर भेटलेला माणूस. घर कुठलं, खातो काय, इकडे कशाला आला, काही पत्ता नाही. दिवसा शोधायला लागलो तेव्हा चित्र बदललं, आणि ते बदललं खुळखुळ्याच्या एका रोपामुळे.

येऊरच्या पायथ्याशी एक मोकळा माळ आहे. ऑगस्टच्या शेवटी तिथे खुळखुळा पिवळा धम्मक फुलतो. गवतातून चालताना पायाखालून पांढरं काहीतरी उडायचं, चार पावलांवर जाऊन बसायचं आणि गायब व्हायचं. दोन दिवस मी त्याच्या मागे धावलो. तिसऱ्या दिवशी दमून खुळखुळ्याच्या ताटव्याजवळ बसून राहिलो. दहा मिनिटांनी तो आपण होऊन माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. पांढुरके पंख अंगाभोवती गुंडाळून घेतलेले, जेमतेम तांदळाच्या चार दाण्यांएवढा, आणि त्यावर लाल-काळे ठिपके इतके रेखीव की कुणी बारीक कुंचल्याने एकेक टेकवला असावा. युटेथेसा. त्याच फांदीवर खाली एक शेंग पोखरलेली होती आणि आत अळी.

खुळखुळ्यात विषारी अल्कलॉइड असतात. अळी ती पचवून अंगात साठवते आणि तेच विष मोठ्या पतंगाच्या अंगातही उरतं. म्हणून तो भर दिवसा, उघड्या माळावर, ठिपके मिरवत बिनधास्त फिरतो. आता तो माळ मला पतंगाच्या घराच्या पत्त्यासारखा वाटतो. शेजारच्याच रोपावर दोन दिवसांनी काळ्या ठिपक्यांचा नारिंगी पतंगही सापडला, अर्जिना. त्याची अळीही खुळखुळ्यावर आणि तागावर वाढते.

तेव्हापासून मी आधी झाड शोधतो. तुम्हाला तुमच्या परिसरातली दहा झाडं, झुडपं, वेली नीट ओळखता येत असतील, तर तुम्ही पतंगांच्या अर्ध्या वाटेवर आलेला आहात. तुमच्या भागात दिवसा काय दिसतं ते लिहा. फोटो असले तर टाकाच, पण कुठल्या झाडावर होता ते विसरू नका.

---

आजीचीबाग

किती छान लिहिलंय. मला पतंगांतलं काही कळत नाही, पण एक विचारते. माझ्या गच्चीवर कुंडीत अनंत आहे, अकरा वर्षांचा. दर पावसाळ्यात त्यावर हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या येतात, शेपटीकडे एक शिंगासारखं टोक असतं. दोन दिवसांत फांदीच्या फांदी बोडकी करतात. आजवर मी त्या चिमट्याने उचलून खाली टाकत आले. त्या कशाच्या?

---

करवंद

ताई, तुमच्या गच्चीवर खजिना आहे! अनंतावरची शिंगवाली हिरवी अळी म्हणजे बहुतेक सेफोनोडस हायलस. तोही दिवसा उडणारा हॉक मॉथ. मोठा झाल्यावर अंग हिरवट-पिवळं, कमरेला तांबूस पट्टा, शेपटीला काळा झुपका आणि पंख काचेसारखे आरपार. लांबून भुंगाच वाटतो.

त्याच्या पंखांची एक गंमत आहे. कोषातून बाहेर येतो तेव्हा त्या पंखांवर राखाडी खवले असतात. पहिल्या भरारीत ते झडून जातात आणि काच उघडी पडते. खवले असलेला पतंग मी सहा वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. तुम्हाला शक्य असेल तर या वर्षी दोन-तीन अळ्या झाडावर राहू द्याल का? अकरा वर्षांचा अनंत परत फुटेल. पूर्ण वाढ झाली की अळी खाली उतरून मातीत, पाल्याखाली कोष करते, तेव्हा कुंडीतली माती उकरू नका.

---

आजीचीबाग

राहू देते. मला वाटायचं ती कीड.

---

घाटवाट

धागा वाचतोय, मस्त चाललाय. झाडाबद्दल पूर्ण सहमत, पण नवीन माणसाला मी आधी भिंतच दाखवतो. सकाळी सहाला कुठल्याही घाटगावातल्या एसटी स्टँडवर, देवळाच्या मंडपात किंवा वनखात्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात जा, जिथे रात्रभर ट्यूबलाइट जळत असते. आंबोलीत जून-जुलैत एकेका भिंतीवर पन्नास-साठ प्रकार मी मोजलेत. पानासारखे हिरवे, भिंतीला चिकटवल्यासारखे सपाट बसणारे. टी आकाराचे पिसपतंग. वाळक्या काटकीसारखे. मात्र साडेसहाच्या आत पोचायला हवं. त्यानंतर दयाळ, बुलबुल आणि कोतवाल येतात आणि भिंत पुसून काढतात. फरशीवर नुसते पंख पडलेले दिसले तर समजा, उशीर झाला. ते पंखही बघा. रात्री कोण कोण आलं होतं त्याची ती हजेरीच असते.

दुसरं, खोडावरचा पतंग समोरून कधी दिसत नाही. झाडाजवळ उभं राहा आणि गाल खोडाला टेकवल्यासारखा करून वरपर्यंत कडेने बघा. समोरून जी साल वाटते ती कडेने बघितल्यावर किंचित उचललेली दिसते, तिच्या काठाला बारीक सावली असते. सकाळचं तिरपं ऊन असेल तर फारच सोपं. आणि पतंग कसा बसलाय तेही पाहा. पंखांवरच्या रेघा सालीच्या भेगांना जुळतील असाच तो बहुतेक वेळा बसतो. मी एकाला बसल्यानंतर दोन वेळा जागच्या जागी सरकून रेघ जुळवून घेताना पाहिलंय.

---

जुना_कॅमेरा

फोटोबद्दल लिहितो, कारण दरवेळी तेच प्रश्न येतात.

बसलेल्या पतंगाला महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल असेल तर अगदी नाकाशी नेऊ नका, थोडं मागे राहून दोनपट-तीनपट झूम घ्या. जवळ गेलात की तुमचीच सावली पडते. पतंगाच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस धरा आणि उजेड थोडा कमी करा. फिकट पतंग असला की मोबाइल हमखास जास्त उजेड घेतो आणि पंखावरची नक्षी धुऊन जाते. पंख पसरून बसला असेल तर मोबाइल पंखांना समांतर हवा, नाहीतर एक टोक स्पष्ट आणि दुसरं पुसट येतं. मॅक्रो लेन्स असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ते एफ/११ ठेवा. फ्लॅश वापरायचा तर त्यावर काहीतरी पांढरं लावा. मी दुधाची पिशवी धुऊन, कापून लावतो, चार वर्षं तीच चालू आहे. उघड्या फ्लॅशने खवले चमकतात आणि रंग खोटे येतात.

एका फोटोवर थांबू नका. वरून एक, बाजूने एक, तोंडाकडून एक, आणि बसलेल्या पानाचा किंवा झाडाचा एक. शेवटचा फोटो लोक काढतच नाहीत आणि ओळख पटवताना नेमका तोच लागतो.

मॅक्रोग्लॉसमची गोष्ट वेगळी. त्याच्या युरोपातल्या भावंडाचे पंख सेकंदाला ७०-८० वेळा हलतात, आपल्याकडचेही काही कमी नाहीत. शटरचा वेग १/३२०० सेकंद ठेवूनही मला पंखांची टोकं पुसटच मिळतात. त्याच्या मागे फिरू नका. तो एकाच झुडपाच्या फुलांवर परत परत येतो. एक चांगलं फूल निवडा, त्यावर आधीच फोकस धरा आणि थांबा. ढगाळ सकाळ किंवा संध्याकाळी पाच नंतरची वेळ सगळ्यात चांगली. मला मनासारखा एक फोटो मिळायला तीन पावसाळे लागले. सोंड पूर्ण उलगडून अबोलीत गेलेली आणि सोंडेवर परागाचे दोन कण. तो फोटो मी आजही रोज बघतो.

---

पहिलाक्लिक

उपयुक्त माहिती. एका व्हिडिओत पाहिलं की पतंग डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला तर तो सुस्त होतो आणि हवा तसा फोटो मिळतो. कुणी केलंय का?

---

जुना_कॅमेरा

नका करू. अगदी मनापासून सांगतो. डबीत तो फडफडतो, खवले झडतात, मिशा मोडतात. ॲटलाससारख्या काही पतंगांना तर खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना खाल्लं तेवढ्यावर आठवडा-दीड आठवडा जगायचं, जोडीदार शोधायचा आणि संपायचं. त्याच्या त्या मोजक्या दिवसांतला एक दिवस आपल्या फोटोसाठी फ्रिजमध्ये घालवायचा हे मला पटत नाही.

थंडावा हवाच असेल तर पहाटे उठा. पावसाळी पहाटे तो आपणहून सुस्त असतो. आणि बसलेला हॉक मॉथ पंख थरथरवायला लागला, तर तो घाबरलेला किंवा आजारी नसतो. उडण्याआधी छातीतले स्नायू तापवत असतो. तुमच्या हातात मिनिटभर आहे. दोन फोटो घ्या आणि वाट मोकळी करा.

---

पहिलाक्लिक

समजलं. नाही करणार. पहाटेचं जमवतो.

---

संत्रानगरी

वरूडकडून लिहितोय. आमच्याकडे पतंग म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, त्याचंही कारण सांगतो. संत्र्यात रस भरला की रात्री फळातला रस शोषणारा पतंग येतो, युडोसिमा. त्याची सोंड इतकी टणक आणि टोकदार असते की ती सालीतून आरपार जाते. त्या छिद्रातून फळ सडतं आणि चार दिवसांत गळून पडतं. सकाळी झाडाखाली फळांचा सडा बघताना काय वाटतं ते बागाईतदारालाच विचारावं. माझे वडील संध्याकाळी बागेत ओल्या पाल्याचा धूर करायचे, मीही करतो.

तरीही हा धागा वाचून दिवसा शोधायला गेलो. कारण त्याची अळी संत्र्यावर नसतेच. ती असते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुलिंबाला गुळवेल चढलेली आहे, तिथे अळी सापडली. काळपट, अंगाला अर्धी गुंडाळी घातलेली आणि कुशीवर दोन मोठे डोळे रंगवल्यासारखे. हात जवळ नेला तर मान खाली घालून ते खोटे डोळे पुढे केले. मी पन्नाशीचा माणूस, दचकून मागे सरलो. पतंग मात्र दोन हात अंतरावर पाचोळ्यात होता आणि मला दहा मिनिटं दिसला नाही. पुढचे पंख म्हणजे हुबेहूब वाळकं पान, मधली शीरसुद्धा. माझा पाय जवळ पडला तेव्हा त्याने ते पंख उचलले आणि खालून हळदीसारखे नारिंगी, काळी वेलांटी असलेले पंख दिसले. नुकसान करतो हे खरं, तरीही इतकं देखणं मी बागेत दुसरं काही पाहिलेलं नाही.

बागेजवळची गुळवेल काढा असं कृषी अधिकारी सांगतात, आणि बागेपुरतं मी काढतो. धुऱ्यावरची ती एक ठेवली आहे.

---

करवंद

संत्रानगरी, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ज्याचं नुकसान होतं तोच इतक्या जवळून बघतो तेव्हा त्या बघण्याला वेगळं वजन येतं. फोटो असेल तर नक्की टाका.

---

तळकोकणी

आमच्याकडे दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते, "अमुक गावात दुर्मीळ महाकाय फुलपाखरू". ते फुलपाखरू नसतं आणि तितकंसं दुर्मीळही नसतं. ॲटलास पतंग. पेरू, दालचिनी, सीताफळ असलेल्या परसात तो वाढतो. पंखांची टोकं सापाच्या फणीसारखी. सकाळी ओटीवर नाहीतर माडाच्या बुंध्याला वीतभर पंख पसरून तासन्‌तास बसलेला असतो, त्यामुळे दिवसाच्या फोटोला यासारखा शहाणा पतंग नाही. कृपा करून त्याला काठीने उठवून उडवू नका.

आणखी एक. जूनच्या शेवटी सागाच्या बनातून जाताना तोंडावर धागे येतात, त्यांना बारीक अळ्या लटकलेल्या असतात. सागाची पानं खाणाऱ्या त्या अळ्या, हायब्लिया. आठवडाभरात सागाचं बन उन्हाळ्यासारखं बोडकं होतं आणि खाली लेंड्यांचा पावसासारखा आवाज येतो. खरोखर कान देऊन ऐका. दोन-अडीच आठवड्यांनी त्याच बनात खालच्या झुडपांत पाय घातलात की पतंगांचा थवा उठतो. बसलेला करडा, उडाला की नारिंगी-काळा.

आणि सूचना: केसाळ सुरवंटाला हात लावू नये. शेवग्याच्या खोडावर ते शेकड्यांनी एकत्र बसतात. नुसतं खोडाला टेकलात तरी अंगभर पित्त उठतं. माडाच्या झावळीवर हिरवा, काटेरी, चपटा दिसला तर त्यापासून जास्तच लांब राहा. लहानपणी तो मला चावला असं मी सगळ्यांना सांगायचो. त्याचे काटे टोचतात. आग दोन दिवस राहते.

---

ओकवन

+१. मी इंग्लंडमध्ये राहते, इथे उन्हाळ्यात दिवसा उडणारे पतंग सहज दिसतात, म्हणून दोन ओळी. रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं तण असतं. त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात आणि त्यांचा सिनाबार पतंग होतो, काळा आणि लालभडक. करवंद यांनी खुळखुळ्याबद्दल लिहिलेलं वाचून लक्षात आलं की रॅगवर्टमध्येही त्याच प्रकारची अल्कलॉइड आहेत. माझं माहेर साताऱ्याचं. कासला जाताना खुळखुळा शेकडो वेळा पाहिला, शेंगा वाजवल्या, पण त्यावर पतंग असतो हे इतक्या लांब येऊन कळलं. डिसेंबरमध्ये येतेय. तेव्हा काय मिळेल?

---

घाटवाट

डिसेंबरात पतंग कमी असतात, पण गवतात अमाटा शोधा. काळे पंख, त्यात काचेच्या खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे. लोक गांधीलमाशी समजून लांब पळतात आणि त्या वेशाचा उद्देशही तोच आहे. सकाळी दवात गवताच्या पात्यावर नर-मादी शेपटीला शेपटी लावून बसलेली असतात, तासभर हलत नाहीत. फोटो शिकायला याहून सोपा पतंग नाही.

---

लिंबोणी

मी फोटो काढते, पण नाव लावता येत नाही. ॲप एक नाव सांगतं, ग्रुपवर दुसरं. फुलपाखरांसारखं पुस्तक नाही का?

---

घाटवाट

भारतात फुलपाखरं तेराशे-चौदाशेच्या आसपास, पतंग दहा हजारांच्या वर. एका पुस्तकात ते कसे बसणार? हॅम्पसन या इंग्रज कीटक-अभ्यासकाने १८९२ ते १८९६ मध्ये ब्रिटिश भारतातल्या पतंगांचे चार खंड लिहिले आणि अभ्यासकांना आजही ते उघडावे लागतात. आपल्यासाठी मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ आणि फोटोसह नोंदी टाकता येतात ते आयनॅचरलिस्ट. ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका. ती जात पश्चिम घाटात नोंदलेली आहे का, एवढं तरी तपासा. बऱ्याच जाती फोटोवरून कधीच वेगळ्या करता येत नाहीत, त्या प्रयोगशाळेत चिरफाड करूनच कळतात. अशा वेळी जातीच्या वरच्या गटाचं, म्हणजे प्रजातीचं (जीनस) नाव लिहून थांबणं हेच खरं काम.

करवंद यांच्या मुद्द्याला जुना आधार आहे. बेल नावाचा वनाधिकारी कारवारला होता. गोव्याच्या जरा खाली. त्याने तिथल्या जंगलातल्या अळ्या घरी आणून, त्यांना त्यांचंच झाड खायला घालून वाढवल्या आणि त्यातून कुठला पतंग निघतो ते वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. स्कॉटबरोबर त्याने लिहिलेला हॉक मॉथचा खंड १९३७ साली निघाला. अमुक अळी कुठल्या झाडावर, हे आज आपण इतक्या सहज सांगतो, त्यामागे त्या माणसाच्या रोजच्या पाल्याच्या फेऱ्या आहेत.

---

लिंबोणी

धन्यवाद. आजपासून झाडाचा फोटो आधी. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

आजीचीबाग

करवंद, धागा खाली गेला होता, वर आणतेय.

चार अळ्या ठेवल्या होत्या. दोन एका सकाळी दिसेनाशा झाल्या, बहुतेक बुलबुलाने नेल्या. उरलेल्या दोन खाली उतरून पाल्याखाली गेल्या. मी कुंडीवर खडूने तारीख लिहिली आणि पाणी कडेकडेनेच घातलं. सोळाव्या दिवशी पहाटे दूध घ्यायला उठले तेव्हा गच्चीत गेले. अनंताच्या खोडावर, मातीपासून चार बोटं वर, तो बसला होता. पंख ओले, लोंबणारे. मी स्टूल घेऊन बसले, चहासुद्धा केला नाही. हळूहळू पंख ताठ झाले आणि तुम्ही म्हणालात तसेच राखाडी, चुलीतल्या राखेसारखे, जरा धुरकट. काच अजिबात दिसत नव्हती. अर्ध्या तासाने तो थरथरायला लागला. जुना_कॅमेरा यांचं आठवलं, दोन फोटो काढले आणि मागे सरले. पंख इतके जोरात हलायला लागले की भोवती धूर उठल्यासारखं दिसलं, आणि तो सरळ वर गेला. जाताना पंखांतून पलीकडचं आभाळ दिसलं.

फोटो नीट आलेत की नाही कळत नाही, हात कापत होते. खालच्या पानावर राखाडी भुकटी पडली आहे. ती पुसू का?

---

करवंद

पुसू नका! आत्ताच्या आत्ता त्या पानाचा फोटो काढा, बाजूने उजेड येईल असा, आणि शेजारी एखादं नाणं ठेवा. हात कापले तरी चालेल, ते दोन फोटोही जसे असतील तसे टाका. दुसरा कोष अजून मातीत आहे ना? मी उद्या पहाटे साडेपाचला निघू शकतो. गच्चीवर येऊ का?